शिकाऱ्याची दुर्बीण

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलुखांत हरणाच्या शिकारीचा एक जुना शिरस्ता आहे. सकाळीं डोंगर चढून गेलेली मंडळी पहिल्या सोयीच्या उंचवट्यावर थांबतात. पाहुणा खालीं बसतो. बंदूक तिच्या गवसणींतच असते. बरोबर आलेला मुलखाचा माहितगार, ज्याला तिकडे ‘स्टॉकर’ म्हणतात, तो मात्र हेदरच्या झुडुपांत पाठीवर रेलतो, एक गुडघा उभा करतो, खांद्यावरच्या चामडी म्यानांतून पितळी नळी काढून ती लांब करतो, आणि गुडघ्याचा व हातांतील काठीचा आधार देऊन समोरची दरी पाहूं लागतो. अर्धा तास, कधीं त्याहूनहि अधिक वेळ, कोणी कांहीं बोलत नाहीं. कोणतें जनावर घ्यावयाचें, कोणतें सोडावयाचें, वारा चुकवून कोणत्या ओढ्यानें वर जावयाचें, हें सारें त्या वेळांत ठरतें. तें बंदूक ठरवीत नाहीं, दुर्बीण ठरवते. डोंगर जमीनदाराचा, बंदूक पाहुण्याची, पण डोळा त्या पगारी माणसाचा, अशी ही वांटणी आहे.

अशा दुर्बिणीला आज इंग्रजींत ‘स्पॉटिंग स्कोप’ म्हणतात. आपण तिला टेहळणीची दुर्बीण म्हणूं. ती एकाच डोळ्यानें पाहण्याची, दोन डोळ्यांच्या जोडदुर्बिणीहून अधिक शक्तीची, आणि कशाच्या तरी आधारावर ठेवून वापरावयाची असते. जोडदुर्बिणीनें जनावर सांपडतें; टेहळणीच्या दुर्बिणीनें तें ओळखतां येतें. सांपडणें आणि ओळखणें यांत जें अंतर आहे, त्यांतच शिकारीची सारी जबाबदारी सामावलेली आहे. अर्ध्या मैलावरून जें केवळ तांबूस ठिपक्यासारखें दिसतें, तो म्हातारा नर आहे, ऐन वाढीचा तरुण नर आहे, कीं पाडस पाठीशीं असलेली हरिणी आहे, हें न कळतां झाडलेली गोळी ही शिकार नव्हे. तो अविचार होय.

मग चांगली दुर्बीण कोणती, हा प्रश्न सहज उभा राहतो. दुकानदार त्याचें उत्तर एका आंकड्यांत देतो. परंतु खरें उत्तर चारशें वर्षांच्या इतिहासांत विखुरलेलें आहे. दुर्बिणीचा एकेक गुण म्हणजे एकेका जुन्या दोषावर कोणीतरी मिळविलेला विजय आहे. तो दोष कोणता होता हें समजलें म्हणजे वस्तूची पारखहि समजते.

हॉलंडमधील मिडलबर्ग या गांवीं हान्स लिपरशे नांवाचा एक चष्मे करणारा कारागीर राहत असे. १६०८ च्या ऑक्टोबर महिन्यांत त्यानें हेग येथील राष्ट्रसभेपुढें अर्ज केला, कीं दूरच्या वस्तु जवळ दाखविणारें एक साधन आपण केलें आहे, त्याचा हक्क आपणांस मिळावा. सभेनें साधन पाहिलें, त्याला पैसे देऊन दोन्ही डोळ्यांनीं पाहतां येईल अशीं साधनें करून घेतलीं, परंतु हक्क मात्र दिला नाहीं. कारण त्याच सुमारास दुसरेहि लोक हीच युक्ति आपल्याला ठाऊक असल्याचें सांगूं लागले होते. दुर्बिणीचा जन्म असा वादांतच झाला. राज्यकर्त्यांचें लक्ष तिच्याकडे गेलें तें आकाशासाठीं नव्हे, तर युद्धासाठीं. शत्रु आपल्याला दिसण्यापूर्वीं तो आपण पाहावा, ही इच्छा सेनापतीची आणि शिकाऱ्याची सारखीच असते.

दुसऱ्याच वर्षीं, १६०९ सालीं, गॅलिलिओनें व्हेनिसच्या सरदारांना आपण केलेली दुर्बीण दाखविली. समुद्रावरील गलबतें ओळखतां येतात हाच तिचा मोठा उपयोग त्यांना वाटला. १६१० च्या जानेवारींत त्यानें अधिक शक्तीच्या दुर्बिणींतून गुरूचे उपग्रह पाहिले, आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. परंतु गॅलिलिओच्या रचनेंत एक उणीव होती. तिच्यांतून दिसणारा मुलूख फार लहान असे. जणूं दाराच्या किल्लीच्या भोंकांतून अंगण पाहावें तसा. केप्लरनें १६११ सालीं दोन्ही बाजूंना फुगीर भिंगें वापरण्याची रचना सुचविली. तिनें मुलूख मोठा झाला, पण चित्र उलटें झालें. आकाश पाहणाऱ्याला उलटा चंद्र चालतो. शिकाऱ्याला उलटें हरीण कसें चालावें? ही अडचण शिर्ल द राइटा नांवाच्या एका कापुचिन पंथाच्या साधूनें १६४५ सालीं चार भिंगांची रचना प्रसिद्ध करून दूर केली. भूमीवरील वस्तु सुलट दाखविणारी दुर्बीण ती हीच. पुढील जवळजवळ अडीचशें वर्षें शिकाऱ्याच्या खांद्यावर जी नळी होती, तिचें बीज या रचनेंत आहे. आपल्या भाषेंत दुर्बीण हा शब्द फार्शींतून आला, आणि त्याचा अर्थ ‘दूरचें पाहणारी’ एवढाच आहे. पण दूरचें पाहणें आणि दूरचें स्पष्ट पाहणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

कारण त्या काळच्या सर्व दुर्बिणींना एक मोठा रोग जडलेला होता. तो रंगांचा रोग होता. भिंगांतून जातांना पांढऱ्या प्रकाशांतील रंग थोडथोडे निरनिराळ्या मार्गांनीं वांकतात. तांबडा एका जागीं मिळतो, निळा त्याच्या अलीकडे. त्यामुळें पाहिलेल्या प्रत्येक वस्तूच्या कडेला जांभळी-पिवळी झालर दिसते. तांबूस डोंगरावर तांबूस हरीण शोधणाऱ्याला ही झालर म्हणजे शापच. शिंगाचें टोंक आणि वाळलेली फांदी यांतला फरक ती पुसून टाकते. न्यूटननें या दोषाचा अभ्यास केला आणि भिंगांनीं तो जाणार नाहीं असें त्याचें मत झालें. म्हणून त्यानें १६६८ सालीं आरशाची दुर्बीण केली. न्यूटनसारख्याचें मत पडल्यावर इतरांनीं फारसा प्रयत्न केला नाहीं. मोठ्या माणसाची चूक किती काळ वाट अडवून ठेवते, याचें हें एक उदाहरण आहे.

ती वाट मोकळी केली ती एका वकिलानें. चेस्टर मूर हॉल हें त्याचें नांव. दोन प्रकारच्या कांचा, एक साधी क्राउन व दुसरी शिशाचा अंश असलेली फ्लिंट, यांचीं भिंगें एकमेकांस जोडलीं तर एकीचा रंगदोष दुसरी खोडून काढील, हें त्याला १७३० च्या सुमारास उमगलें. गोष्ट अशी सांगतात, कीं आपलें गुपित फुटूं नये म्हणून त्यानें दोन भिंगें दोन निराळ्या दुकानदारांकडे करावयास दिलीं. परंतु दोघांहि दुकानदारांनीं तें काम एकाच कारागिराकडे, जॉर्ज बास याच्याकडे, पाठविलें. बासनें दोन्ही भिंगें एकमेकांवर ठेवून पाहिलीं आणि गुपित त्याच्या हातीं आलें. हॉलनें मात्र त्या शोधाचा कांहींच गाजावाजा केला नाहीं.

पुढें जॉन डॉलंड हा मनुष्य रंगावर आला. तो मूळचा रेशमी कापड विणणारा. लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागांत फ्रान्समधून आलेल्या निर्वासितांच्या वस्तींत वाढलेला. मागावर बसून त्यानें गणित शिकून घेतलें. त्याचा मुलगा पीटर यानें १७५० सालीं भिंगांचें दुकान काढलें, आणि कांहीं काळानें बापहि त्या धंद्यांत शिरला. १७५८ सालीं जॉन डॉलंडला रंगदोषरहित दुर्बिणीचें पेटंट मिळालें व त्याच वर्षीं रॉयल सोसायटीचें कॉप्ली पदकहि मिळालें. १७६१ सालीं तो वारला. मुलानें पेटंटचा हक्क कडकपणें बजावूं लागतांच लंडनच्या पसतीस कारागिरांनीं १७६४ सालीं सरकारकडे अर्ज केला, कीं हा शोध डॉलंडचा नव्हे, हॉलचा आहे. प्रकरण न्यायालयांत गेलें. १७६६ सालीं निकाल पीटर डॉलंडच्या बाजूनें लागला. न्यायाधीशांचा आशय असा होता, कीं शोध पेटींत कुलुपबंद ठेवणाऱ्यापेक्षां तो लोकांच्या उपयोगांत आणणाऱ्यालाच त्याचें फळ मिळावें. हा न्याय हॉलला कठोर वाटला असेल, आणि त्या पसतीस कारागिरांच्या घरींहि चूल थंडावली असेल. पण त्या दिवसापासून ‘डॉलंड’ हा शब्द इंग्लंडांत चांगल्या दुर्बिणीचा समानार्थी झाला. मग अर्थातच खोट्या नांवाच्या दुर्बिणीहि बाजारांत आल्या. नळीवरील नांव पाहूं नये, नळींतून पाहावें, हा पारखीचा पहिला धडा तेव्हांच लोकांनीं घेतला.

युक्ति सांपडली, तरी कांच कोठें होती? मोठ्या भिंगाला लागणारी निर्दोष फ्लिंट कांच कोणालाच साधेना. वितळलेल्या रसांत शिसें जड म्हणून खालीं बसे; कांचेंत रेषा, पट्टे व बुडबुडे राहत. इंग्लंडांत तर कांचेवर वजनानें सरकारी कर होता, आणि तो १८४५ पर्यंत उठला नाहीं. दहा वेळां फसून अकराव्या वेळीं साधावयाचें काम अशा करांत कोण करणार? तें साधलें स्वित्झर्लंडांतील पियेर लुई गिनां या घड्याळांच्या पेट्या व घंटा करणाऱ्या माणसानें. त्यानें वर्षानुवर्षें स्वतःच्या खर्चानें भट्ट्या पेटविल्या, आणि शेवटीं भाजलेल्या मातीच्या दांड्यानें रस सतत ढवळीत राहण्याची रीत त्याला सांपडली. घरोघरीं दूध आटवितांना जें करतात तेंच हें, पण त्यासाठीं एका माणसाच्या हयातींतील बराच काळ खर्ची पडला. १८०५ सालीं बव्हेरियांतील बेनेडिक्टबॉयर्न येथें त्याला बोलावण्यांत आलें. तेथेंच पुढें त्याला योसेफ फ्राउनहोफर हा सहकारी मिळाला. हा फ्राउनहोफर पोरका मुलगा. १८०१ सालीं म्युनिकमध्यें ज्या घरांत तो आरसे करण्याचें काम शिकत होता तें घर कोसळलें, आणि ढिगाऱ्याखालून तो जिवंत निघाला. राजानें दिलेल्या थोड्या पैशांतून त्यानें पुस्तकें व भिंगें घांसण्याचें यंत्र घेतलें. त्यानें कांचेचें मोजमाप इतकें बिनचूक केलें, कीं भिंग करणें हें अंदाजाचें काम न राहतां शास्त्राचें झालें. तो १८२६ सालीं, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षीं वारला. आज शिकाऱ्याच्या हातांतील प्रत्येक उत्तम भिंगाला या दोघांचें ऋण आहे.

हीं सुधारलेलीं भिंगें घेऊन दुर्बीण स्कॉटलंडच्या डोंगरांत गेली. विल्यम स्क्रोप यानें १८३८ सालीं हरणाच्या शिकारीच्या कलेवर पुस्तक लिहिलें आणि तिकडे हौशी लोकांची रीघ लागली. व्हिक्टोरिया राणी व तिचा पति यांनीं १८४८ सालीं बालमोरल भाड्यानें घेतलें आणि १८५२ सालीं विकत घेतलें. मग तर शिकारीसाठीं डोंगर घेणें हें श्रीमंतीचें लक्षणच झालें. या हौसेच्या दुसऱ्या बाजूला दुःखहि होतें. मेंढवाडे व शिकारीचीं रानें करण्याच्या पायीं त्या मुलखांतील कित्येक खेडीं उठलीं आणि माणसें समुद्रापार गेलीं. जीं मागें राहिलीं त्यांतील कांहीं जमीनदारांच्या पदरीं स्टॉकर म्हणून राहिलीं. आपल्याच वाडवडिलांच्या डोंगरावर दुसऱ्यासाठीं हरीण शोधण्याचें काम त्यांच्या वांट्यास आलें. पण त्या कामांत त्यांनीं जी विद्या मिळविली तिला तोड नव्हती.

त्यांची दुर्बीण तीन-चार नळ्यांची, एकींत एक सरकणारी, उघडल्यावर सुमारें अडीच फूट लांब, समोरचें भिंग सुमारें दोन इंचांचें, आणि शक्ति बहुधा वीस ते तीस पट असे. याहून मोठ्या शक्तीच्या दुर्बिणी मिळत नव्हत्या असें नाहीं. पण अनुभवी माणूस त्यांच्या वाटेस जात नसे. शक्ति वाढली कीं तीन गोष्टी घटतात: प्रकाश घटतो, दिसणारा मुलूख घटतो, आणि चित्राचें स्थैर्य घटतें. हात एक केस हालला तर वीस पटींत तो वीस केस हालतो आणि साठ पटींत साठ. हरणें बाहेर पडतात पहांटे आणि सांजवेळीं. तेव्हां प्रकाश हाच खरा तुटवड्याचा माल असतो. म्हणून कमी शक्तीची पण उजळ व स्वच्छ दुर्बीण, हा त्या लोकांचा पारखीचा दंडक होता. आजहि त्यांत फरक करण्याचें कारण पडलेलें नाहीं.

या डोळ्यांची किंमत राज्यकर्त्यांना कळली ती युद्धांत. १८९९ च्या डिसेंबरांत दक्षिण आफ्रिकेंत मॅगर्सफॉन्टाइन येथें इंग्रजांच्या तोफांनीं आदल्या दिवशीं एका टेकडीवर भडिमार केला. बोअर शेतकरी मात्र टेकडीवर नव्हतेच. ते पायथ्याशीं खणलेल्या, झांकलेल्या खंदकांत बसले होते. तारीख ११ रोजीं पहांटे स्कॉटलंडच्या डोंगरी पलटणी थेट त्या खंदकांपुढें येऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशीं इंग्रजांचीं ९०० हून अधिक माणसें ठार वा जखमी झालीं. शत्रु कोठें आहे तें कोणीं पाहिलें नव्हतें, हें त्याचें एक मोठें कारण. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, १९०० च्या आरंभीं, लॉर्ड लोव्हॅट यानें आपल्या मुलखांतील स्टॉकर मंडळी गोळा करून ‘लोव्हॅट स्काउट्स’ हें पथक उभें केलें. त्यांचें विशेष शस्त्र म्हणजे त्यांच्या नेहमींच्या पितळी नळ्या. हरणाला जो चुकवितो आणि हरीण ज्याला चुकवूं शकत नाहीं, त्याला बोअरहि चुकवूं शकणार नाहीं, असा हिशेब होता, आणि तो बरोबर ठरला.

१९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरूं झालें तेव्हां इंग्लंडला निराळाच धक्का बसला. दुर्बिणीची चांगली कांच बहुतेक जर्मनी व फ्रान्समधून येत असे. ती एकाएकीं अपुरी पडली. कानपुरास जन्मलेले वृद्ध सेनापति लॉर्ड रॉबर्ट्स यांनीं लोकांना विनंति केली, कीं घरांत पडलेल्या शिकारीच्या व शर्यतीच्या दुर्बिणी सैन्याला द्याव्यात. लोकांनींहि त्या दिल्या. डोंगरांत हरणांवर रोखलेल्या नळ्या फ्रान्सच्या चिखलांत माणसांवर रोखल्या गेल्या. मेजर हेस्केथ-प्रिचर्ड हा स्वतः नामांकित शिकारी व लेखक. त्यानें १९१६ सालीं फ्रान्समध्यें नेमबाजी व टेहळणीची शाळा चालविली, आणि युद्धानंतर १९२० सालीं त्यावर पुस्तक लिहिलें. लोव्हॅट स्काउट्सच्या टेहळ्यांची त्यानें त्यांत मनापासून स्तुति केली आहे. चांगली दुर्बीण आणि ती वापरण्याचा सराव असलेला माणूस ही जोडी एकत्र आल्याशिवाय कार्य होत नाहीं, हेंच त्याच्या साऱ्या शिकवणुकीचें सार. शिकारीची कला माणसाच्या शिकारीस लागावी, यांत अभिमान बाळगण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु तें घडलें, आणि इतिहासानें घडलेलें झांकूं नये.

इकडे जर्मनींत येना गांवीं दुर्बिणीचा पुनर्जन्म चालला होता. तेथें कार्ल झाइस यानें १८४६ सालीं कारखाना काढला. एर्न्स्ट आबे हा गणिती १८६६ पासून त्याच्याबरोबर काम करूं लागला. १८७९ सालीं ओटो शॉट या रसायनज्ञानें आपण केलेल्या नव्या कांचेचा नमुना आबेकडे पाठविला, आणि १८८४ सालीं या तिघांच्या सहकार्यानें येना येथें कांचेची भट्टी उभी राहिली. जुन्या दोन कांचांच्या जागीं कितीतरी नवीन जाती मिळूं लागल्या. फ्लोराइट या खनिजाचे स्फटिक भिंगांत बसविले तर उरलासुरला रंगदोषहि जवळजवळ नाहींसा होतो, हें आबेनें १८८६ सालीं सूक्ष्मदर्शकांत करून दाखविलें. प्रकाश लोलकांत फिरवून चित्र सुलट करण्याची युक्ति इग्नात्सिओ पोर्रो या इटालियनानें १८५४ सालींच काढली होती. पण तेव्हां कांच चांगली नव्हती म्हणून ती मागें पडली. आबेला तीच युक्ति स्वतंत्रपणें सुचली. १८९३ सालीं पेटंट मागतांना त्याला कळलें, कीं ती आधींच कोणाची तरी आहे. तरीहि १८९४ पासून येनाच्या लोलकांच्या जोडदुर्बिणी बाजारांत आल्या, आणि अडीच फुटांची नळी हातभर लांबीची होण्याचा मार्ग मोकळा झाला.

राहिला एक चोर, जो कोणाला दिसत नव्हता. कांचेच्या प्रत्येक पृष्ठावरून शंभरांतील सुमारें चार भाग प्रकाश मागें परततो. जुन्या नळींत हवेला लागलेलीं अशीं सुमारें दहा पृष्ठें असत. म्हणजे शंभर भाग प्रकाश आंत गेला तर डोळ्यापर्यंत सुमारें सहासष्टच पोहोंचे. शिवाय चुकलेला प्रकाश आंतल्या आंत भटकून चित्र धुरकट करी तो निराळाच. १९३५ सालीं झाइसच्या कारखान्यांतील अलेक्झांडर स्माकुला यानें भिंगावर अतिशय पातळ पारदर्शक लेप चढवून हा परतणारा प्रकाश अडविला. पुढें एकावर एक अनेक लेप देण्याची पद्धति निघाली. आज उत्तम दुर्बिणींत शंभरांपैकीं नव्वदांच्या आसपास भाग प्रकाश डोळ्यापर्यंत येतो. सांजवेळीं हीच गोष्ट पंधरा-वीस मिनिटें अधिक दिवस देते.

एवढा इतिहास ध्यानांत ठेवला म्हणजे आजच्या दुर्बिणीची पारख अवघड राहत नाहीं. प्रथम समोरच्या भिंगाची रुंदी पाहावी. बाजारांत ती सामान्यतः ५० ते ८५ मिलिमीटर असते. ही रुंदी शक्तीनें भागली म्हणजे डोळ्याशीं येणाऱ्या प्रकाशाच्या शलाकेची जाडी निघते. ८० मिलिमीटर भिंग व २० पट शक्ति यांत ती ४ मिलिमीटर होते. तेंच ६० पट केल्यास सव्वा मिलिमीटरच्या आसपास उरते. माणसाची बाहुली संधिप्रकाशांत पांच ते सात मिलिमीटर उघडते. वय वाढेल तशी कमी. म्हणून साठ पटींची जाहिरात भर उन्हांत खरी, पण सांजवेळीं पोकळ. भर उन्हांतहि तापलेल्या माळावरून हवा अशी थरथरते, कीं मोठी शक्ति त्या थरथरीलाच मोठी करून दाखविते. वीस ते चाळीस यांच्या दरम्यानच बहुतेक काम होतें.

दुसरें, रंगदोष. उजळ आकाशावर उमटलेली काळी फांदी पाहावी. तिच्या कडेला जांभळी वा हिरवी रेघ दिसली तर अजून १७५८ च्या आधींचाच रोग शिल्लक आहे असें समजावें. फ्लोराइट किंवा तशाच गुणाची ‘ईडी’ म्हणतात ती कांच असेल तर ही रेघ जवळजवळ दिसत नाहीं. तिसरें, स्पष्टता. पन्नास पावलांवर छापील कागद लावून सर्वांत बारीक ओळ वाचतां येते का पाहावें. आणि ती मध्यें जशी दिसते तशी कडेला दिसते का तेंहि पाहावें. रात्रीं एखादी ठळक चांदणी पाहावी. ती टिपक्यासारखी मिटली पाहिजे. चांदणीला पंख फुटले तर भिंगें नीट बसलेलीं नाहींत. चौथें, चष्मा लावणाऱ्यानें चष्म्यासकट सारें वर्तुळ दिसतें कीं नाहीं याची खात्री करून घ्यावी. पांचवें, आंत कोरडा वायु भरून नळी बंद केलेली असावी. नाहींतर पहिल्याच पावसांत भिंगाला आंतून घाम येतो. सहावें, वजन आणि तिवई. दोन किलोंची दुर्बीण दुकानाच्या टेबलावर हलकी वाटते, डोंगराच्या चढावर नव्हे. आणि डळमळत्या तिवईवर ठेवलेली अमोल दुर्बीण ही वाळूवर बांधलेल्या वाड्यासारखी होय.

ही सर्व परीक्षा दुकानाच्या दिव्याखालीं करूं नये. दिवस मावळतांना बाहेर करावी. ज्या वेळीं ती वस्तु कामास यावयाची, त्याच वेळीं तिची कसोटी पाहावी, हा साधा व्यवहार आहे.

आणखी एक गोष्ट, जी या सर्वांहून महत्त्वाची. बंदुकीवर बसविलेल्या लहान दुर्बिणीनें रान न्याहाळूं नये. जिकडे ती दुर्बीण तिकडे बंदुकीचें तोंड. झुडुपामागें हालणारी वस्तु लांकडें वेंचणारी बाई निघाली तर पाहणाऱ्यानें तिच्यावर बंदूक रोखलेली असते. टेहळणीची दुर्बीण निराळी ठेवण्याचें मूळ कारण हेंच आहे. पाहण्याचें साधन आणि मारण्याचें साधन यांच्यामध्यें विचाराला जागा राहिली पाहिजे. डोंगरांतला तो स्टॉकर बंदूक गवसणींत ठेवून दुर्बीण आधीं काढी, त्यांत हें शहाणपण होतें.

या इतिहासाचा शेवट आपल्या भूमीवर येऊन मिळतो. मुंबईंत १८८३ सालीं निसर्गेतिहासाची एक संस्था, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या सभासदांत शिकारी पुष्कळ होते. १९०८ सालीं सलीम अली नांवाच्या एका मुलानें आपल्या छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती, हें विचारण्यासाठीं तो या संस्थेंत गेला, आणि तेथील मिलर्ड साहेबांनीं त्याला पेटाऱ्यांतील पक्षी दाखविले. भारतांतील पक्ष्यांचा सर्वांत मोठा अभ्यासक त्या दिवशीं घडूं लागला. पण त्या मुलाला तो पिवळा डाग दिसला तो पक्षी मेल्यावर. ओळखण्यासाठीं मारावें लागे, असा तो काळ होता.

१९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें, आणि १९९१ च्या दुरुस्तीनें अधिकच, आपल्याकडे हौशी शिकारीची वाट बंद झाली. बंदुका गेल्या, दुर्बीण मात्र राहिली. हिवाळ्यांत उजनीच्या जलाशयावर, भिगवणच्या कांठीं, तिवया लावून बसलेली तरुण मंडळी दिसतात. समोर उथळ पाण्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उभे असतात. त्यांच्या हातांतील दुर्बीण लिपरशेची, डॉलंडची, गिनांची आणि आबेचीच आहे. पाहण्याची रीतहि त्या डोंगरी स्टॉकरचीच आहे: शांत बसावें, वारा पाहावा, घाई करूं नये, आणि ओळख पटल्याशिवाय बोलूं नये. फरक इतकाच, कीं ओळख पटल्यावर येथें काम संपतें. पक्षी पाण्यांत उभाच राहतो, आणि पाहणारा वहींत एक ओळ लिहून पुन्हां भिंगाला डोळा लावतो.